पत्रकातली पाण्याची ओळ

हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं की स्पर्धेच्या आधी आठवडाभर एक सूचनापत्रक येतं. नंबर कुठे मिळेल, गाड्या कुठे लावायच्या, सामान कुठे ठेवायचं, पाण्याचे टेबल किती किलोमीटरवर आहेत, चिप कुठे बांधायची. धावणारे त्यातली वेळ आणि पार्किंग एवढंच वाचतात आणि बाकीचं सोडून देतात. लग्नपत्रिकेतली मुहूर्ताची ओळ वाचावी आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' गाळावं, तसंच!

गेल्या वर्षी भाचीनं साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं तेव्हा तिचं पत्रक माझ्याकडे आलं. (तिला वेळ नव्हता, मला होता.) मला आधीपासून जुन्या शर्यतींच्या गोष्टी वाचायची खोड. त्यामुळे एकेक ओळ वाचताना मागे कोणीतरी उभं आहे असं दिसायला लागलं. कोणी फसवलं म्हणून एक ओळ आली, कोणी कोसळलं म्हणून दुसरी. मग ठरवलं, एकदा नीट लिहून काढू. घरातली बरीच मंडळी हे वाचतात, आणि शर्यतीच्या दिवशी बाटल्या घेऊन रस्त्याकडेला उभी राहणारी तीच असतात. त्यामुळे सगळ्यात जास्त पाण्याबद्दल लिहिणार आहे.

आधी अंतर, म्हणजे तो विषय संपेल. २१.०९७५ किलोमीटर हा विचित्र आकडा पूर्ण मॅरेथॉनच्या निम्मा, आणि पूर्ण मॅरेथॉनचा आकडा लंडनचा. १८९६ साली अथेन्सला धावले तेव्हा अंतर साधारण ४० किलोमीटर होतं. १९०८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्याच्या आवारातून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते भरलं २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१ साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं तोच आकडा कायम केला. म्हणजे आज साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं जाऊन परत येणारी माणसं जे शेवटचे ९७ मीटर शिव्या देत धावतात, ते इंग्लंडच्या राजाराणीच्या कृपेनं.

चिपचीही गोष्ट छोटीच. १९०४च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये फ्रेड लॉर्झ नावाचा गडी दमून मोटारीत बसला, बरंच अंतर मोटारीतूनच आला, मग उतरून धावत स्टेडियममध्ये शिरला आणि लोकांनी त्याला विजेता म्हणून डोक्यावर घेतलं. थोड्याच वेळात भांडं फुटलं. १९८० साली बोस्टनमध्ये रोझी रुईझ शेवटच्या टप्प्यात गर्दीतून रस्त्यावर आली आणि बायकांत 'पहिली' आली. तिचं पदक साधारण आठवड्याभरानं काढून घेतलं. आता वाटेत चटया अंथरलेल्या असतात, त्यांच्यावरून चिप गेली नाही तर तुम्ही धावलाच नाहीत. 'नंबर दुसऱ्याला देऊ नये' ही ओळ वाचताना मला मात्र १९६७ची कॅथरिन स्वित्झर आठवते. बोस्टनला तिनं के. व्ही. स्वित्झर अशा नावानं २६१ नंबर मिळवला. वाटेत बाई दिसली म्हणून एक अधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि नंबर फाडायला बघू लागला. बायकांना तिथे रीतसर धावायला १९७२ उजाडलं, आणि ऑलिम्पिकमध्ये तर १९८४. आमच्या आईच्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे ही!

असो. आता पाणी.

आपल्याकडे घराघरातला नियम ठाऊक आहे. धावून आल्याआल्या पाणी पिऊ नकोस, आधी बस, घाम वाळू दे. शाळेत पीटीचे सर तेच सांगायचे. मला वाटायचं हे खास आपलं, आजीच्या बटव्यातलं. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिका-युरोपातले धावण्याचे जाणकारही नेमकं हेच सांगत होते, आणि त्यापुढे जाऊन धावतानाही पिऊ नका म्हणत होते. पाणी मागणं हे कच्चेपणाचं लक्षण.

सेंट लुइसची ती १९०४ची शर्यत म्हणजे या समजुतीचा कडेलोट. ऑगस्ट महिना, पारा ३२ अंशांच्या आसपास, सुटण्याची वेळ दुपारी तीन. (आज कुठलाही संयोजक पहाटेची वेळ का देतो, याचं उत्तर इथेच आहे.) कच्चे रस्ते, पुढे-मागे मोटारी आणि घोडे, त्यांची धूळ धावणाऱ्यांच्या नाकातोंडात. स्पर्धेचे कर्तेधर्ते जेम्स सुलिव्हन यांनी पाणी मुद्दाम कमी ठेवलं होतं. वाटेत सहा मैलांवर एक टाकी आणि बारा मैलांवर एक विहीर, बस्स. पाण्याविना शरीराचं काय होतं हे त्यांना बघायचं होतं. ३२ जण सुटले, १४ पोचले. विल्यम गार्सिया रस्त्याकडेला पडलेला सापडला, धुळीनं आतून रक्तस्राव होऊन तो मरता मरता वाचला.

जिंकला थॉमस हिक्स. त्यानं पाणी मागितलं तर बरोबरच्यांनी ओल्या स्पंजनं तोंड पुसलं, आणि ताकद म्हणून अंड्याचा पांढरा बलक आणि स्ट्रिक्नीन दिलं. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याच्या बियांतलं विष. नंतर वर ब्रँडीही. शेवटी त्याला भास व्हायला लागले, माणसांनी धरून जवळजवळ चालवतच आणला. वेळ ३ तास २८ मिनिटं. ऑलिम्पिक पुरुष मॅरेथॉनमध्ये इतक्या सावकाश कोणीही जिंकलेलं नाही. एवढं होऊन सुलिव्हन यांचं मत बदललं का? छे! १९०९ साली त्यांनी मॅरेथॉनवर पुस्तक काढलं आणि त्यातही वाटेत खाण्यापिण्याची सवय लावून घेऊ नका, त्यानं फायदा नाही, असाच सल्ला दिला.

१९१२ साली स्टॉकहोमला पुन्हा तसंच ऊन. पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लाझारोनं उन्हापासून वाचायला अंगाला चरबीसारखं काहीतरी चोपडलं होतं. घाम निघायची वाटच बंद. तो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हानं बेजार होऊन एका घराच्या बागेत शिरला. तिथे मंडळी बसली होती, त्यांनी त्याला सरबत दिलं. तो प्यायला आणि लाजेनं कोणाला काही न सांगता परस्पर जपानला निघून गेला. स्वीडनच्या दप्तरी बरीच वर्षं 'बेपत्ता'! १९६७ साली त्याला बोलावून उरलेली शर्यत पुरी करायला लावली. वेळ नोंदली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि वर २० सेकंद. तोपर्यंत त्याला नातवंडं झाली होती. ही गोष्ट सगळे हसून सांगतात, मीही सांगते. पण त्या बागेत तो शिरला नसता तर कदाचित लाझारोच्या शेजारी त्याचंही नाव लागलं असतं.

आपली माणसं या कथेत १९२० साली येतात, आणि थेट डेक्कन जिमखान्यावरून. १९१९ साली जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. अनवाणी धावणारे खेड्यापाड्यातले गडी त्यांनी पाहिले. नियम माहीत नाहीत, तयारी नाही, पण वेळा मात्र युरोपातल्यांच्या जवळपास जाणाऱ्या. त्यातून पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला संघ गेला. मॅरेथॉनला दोघे होते, बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. दातारांची शर्यत पुरी झाली नाही. चौगुले एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, आणि अंतर आजच्यापेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर. सेंट लुइसच्या विजेत्याच्या तुलनेत हे केवढं! बेळगावकडच्या वाचकांना हे माहीत असेल, पण पुण्यात डेक्कनवरून रोज जाणाऱ्या दहाजणांना विचारा, नऊजणांना चौगुले हे नाव माहीत नसतं.

पाण्याबद्दलची समजूत पुढेही बराच काळ टिकली. १९५०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय नियमांत खाण्यापिण्याची टेबलं पहिल्या १५ किलोमीटरनंतर सुरू व्हायची. म्हणजे आजच्या हाफ मॅरेथॉनला तो नियम लावला तर तीन-चतुर्थांश अंतराला जवळजवळ कोरडंच जायचं! १९५४ साली व्हँकूव्हरला जिम पीटर्स हा त्या काळचा सगळ्यात वेगवान मॅरेथॉनपटू १७ मिनिटं पुढे राहून स्टेडियममध्ये शिरला आणि शेवटच्या फेरीत पडत, उठत, पुन्हा पडत राहिला. ११ मिनिटांत जेमतेम २०० मीटर झाले. शेवटी त्याला उचलून नेलं. तो पुन्हा कधी शर्यतीत धावला नाही.

बदल सुरू झाला १९६०च्या दशकात, तोही दोन भलत्याच ठिकाणांहून. एक अमेरिकेतलं फ्लोरिडा विद्यापीठ. १९६५ साली तिथल्या रॉबर्ट केड या डॉक्टरांनी विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी मीठ-साखरेचं पेय बनवलं. संघाचं नाव गेटर्स, म्हणून पेयाचं नाव गेटोरेड. दुसरं ठिकाण दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी. खोल, तापलेल्या खाणीत मजूर उष्म्यानं मरतात म्हणून विंडहॅम आणि स्ट्रायडम हे शास्त्रज्ञ अभ्यास करत होते. त्यांनी १९६९ साली मॅरेथॉन धावणाऱ्यांवर लेख लिहिला, की कमी पाणी पिणं धोक्याचं आहे. लेख गाजला. मग लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. आधी 'पिऊ नका', नंतर 'पीत राहा', आणि पुढे 'तहान लागायची वाटच बघू नका'. १९९६ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या मोठ्या संस्थेनं सल्ला दिला की घामावाटे जेवढं जातं तेवढं सगळं भरून काढा, किंवा पोटाला सोसेल तेवढं प्या. तासाला ६०० मिलीलिटरपासून पार १२०० पर्यंत. पेयं विकणाऱ्यांना यात काय वाटलं असेल हे सांगायला नको.

आता माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा. १९८१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या सुमारे ९० किलोमीटरच्या शर्यतीत एक बाई शेवटाकडे गोंधळल्यासारखी झाली आणि बेशुद्ध पडली. सगळ्यांना वाटलं पाणी कमी पडलं. निघालं उलटंच. पाणी जास्त झालं होतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होऊन खाली गेलं होतं. टिम नोक्स या डॉक्टरांनी अशा चार जणांची हकिगत १९८५ साली छापली. (नोक्स स्वतःही कॉम्रेड्स धावलेले. त्यांची पुढची आहाराबद्दलची मतं वादाची आहेत, ती बाजूला ठेवू. या बाबतीत ते बरोबर होते, आणि बरीच वर्षं त्यांचं कोणी ऐकलं नाही.)

होतं असं की दीर्घकाळ धावताना शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, त्यामुळे मूत्रपिंड जादाचं पाणी बाहेर टाकत नाही. वरून आपण ओततच राहिलो तर रक्त पातळ होतं, पाणी पेशींत शिरतं, पेशी सुजतात. हातापायाला सूज आली तर अंगठी घट्ट होते, एवढंच. मेंदूला मात्र कवटीच्या आत फुगायला जागा नाही. मळमळ, डोकेदुखी, बरळणं, झटके, बेशुद्धी.

२००२ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक मुलगी याच कारणानं गेली. ती पाणी प्यायला विसरली नव्हती. सांगितलं तसं व्यवस्थित पीत होती, तेही साधं पाणी नाही, खेळाडूंचं पेय. मला हे वाचून कसंसंच झालं. सेंट लुइसचे लोक अज्ञानाच्या काळातले म्हणून सोडून देता येतात. ही तर पत्रक पाळणारी होती.

त्याच शर्यतीत संशोधकांनी धावून आलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं. १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. हा अभ्यास २००५ साली छापून आला. कोणाला धोका जास्त? जे वाटेत इतके प्यायले की धावून आल्यावर वजन वाढलेलं भरलं. ज्यांना चार तासांहून जास्त लागले. आणि अंगानं फार किरकोळ किंवा फार भारी असलेले. पुढे धावणाऱ्याला प्यायला सवडच नसते. मागून सावकाश येणारा, पहिलीच शर्यत असलेला, प्रत्येक टेबलाशी थांबून मन लावून सूचना पाळणारा जो असतो ना, तो यात सापडतो.

हाफ मॅरेथॉनला अंतर निम्मं, त्यामुळे धोकाही बराच कमी. पण साताऱ्यासारख्या चढाच्या वाटेवर पहिल्यांदा धावणाऱ्याला तीन तास सहज लागतात. ऑगस्टअखेर-सप्टेंबरातली हवा, घाटात ढग, अंगावर भुरभुर पाऊस. घाम मुंबईच्या मानानं किती येणार? आणि आपण प्यायचं मात्र मुंबईच्या हिशेबानं? आमची भाची अंगानं पाप्याचं पितर. तिच्यासाठी घरातून चार ठिकाणी बाटल्या घेऊन उभं राहायचा बेत ठरला होता, शिवाय दर दोन-अडीच किलोमीटरला संयोजकांचं टेबल. मी कागदावर बेरीज केली तर सगळ्यांचा मान ठेवून ती प्यायली असती तर साडेतीन लिटरच्या वर गेली असती.

'साधं पाणी नको, इलेक्ट्रॉल दे, मग काही होत नाही' असं माझ्या मोठ्या दिराचं म्हणणं होतं. इलेक्ट्रॉलबद्दल मला आदर आहे. मीठ-साखरेच्या पाण्यानं बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रोग्यांवर उपचार केले, त्याच वाटेनं आलेलं ते पाकीट. पण पटकीत शरीरातून लिटर-लिटरनं पाणी आणि मीठ गेलेलं असतं. इथे तसं नाही. ओआरएसमध्येही सोडियम रक्ताच्या जवळजवळ निम्मंच असतं, आणि खेळाडूंच्या बाटलीबंद पेयांत त्याहून पुष्कळ कमी. भरमसाट प्यायलं तर तेही रक्त पातळच करतं.

बोस्टनच्या त्या प्रसंगानंतर सल्ले बदलत गेले. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेनं २००३ साली, क्रीडावैद्यकाच्या त्या संस्थेनं २००७ साली. २०१५ साली कॅलिफोर्नियात या विषयाचे डॉक्टर जमले आणि त्यांनी एका वाक्यात सांगितलं की तहान लागेल तेव्हा प्या. एवढंच! शंभर वर्षं हिंडून आल्यावर गाडी तहानेपाशी येऊन थांबली.

याचा अर्थ कोणी 'पाणी पिऊ नका' असा लावून घेऊ नये, हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे एक टोक सोडलं की दुसरं धरतात. ऊन आणि दमट हवा असेल तर उष्माघात खराच आहे, आणि तोही जीव घेतो. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते ती उगीच नाही. तहान लागली की प्यायचंच. लागली नाही तर टेबलावरचा पोरगा कितीही प्रेमानं पेला पुढे करो, हात जोडून पुढे जायचं. सरावाच्या लांब धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिलं तर आपला घाम किती हे चांगलं कळतं. नंतरचं वजन थोडं कमी भरायला हवं. वाढलं तर जास्त प्यायलो. धावायच्या आधी दुखणं थांबवायची गोळी घेऊ नये, त्यानं मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. हिक्सच्या स्ट्रिक्नीनला हसणारे आपण खिशात ब्रुफेन घेऊन धावतो, नाही का?

आणि रस्त्याकडेच्या मंडळींसाठी. कोणी धावता धावता बरळायला लागलं, उलटी झाली, नीट बोलेना, तर ते पाण्यानं कमी आहे की जास्त हे बाहेरून बघून डॉक्टरलाही कळत नाही, रक्त तपासावं लागतं. म्हणून तोंडाला बाटली लावू नका, सलाइनचा आग्रह धरू नका. जास्त पाणी झालेल्याला साधं सलाइन भराभर चढवलं तर तो आणखी बिघडू शकतो. तिथे अगदी थोडं, पण तीव्र मिठाचं द्यावं लागतं आणि ते काम वैद्यकीय तंबूचं. तंबू कुठे आहे हे पत्रकात असतं. नंबराच्या मागे रक्तगट आणि घरचा फोन लिहायला जी जागा असते तीही याचसाठी. निम्मे लोक ती कोरी ठेवतात.

शेवटच्या रेषेपाशी 'थांबू नका, पुढे चालत राहा' असं कोणीतरी ओरडत असतं. ते गर्दी हलवायला असतं असं मला वाटायचं. तेही खरं, पण आणखी एक कारण आहे. धावताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायातच राहतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली बसतो. शर्यत संपवल्यावर पडणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कारण हेच. त्यांना आडवं करून पाय उंचावर ठेवले की बरेचदा काही मिनिटांत हुशारी येते. तेव्हा आजीच्या वाक्यातलं 'आधी बस' सोडायचं आणि पाच-दहा मिनिटं चालायचं.

बाटल्या घेऊन उभं राहायचा आमचा बेत शेवटी दोन ठिकाणांवर आला, त्यातही एकीकडे फक्त चिक्की आणि कोरडा टॉवेल. भाचीनं शर्यत ३ तास ४ मिनिटांत संपवली. वाटेत किती प्यायलीस म्हटलं तर म्हणाली, मोजलं नाही, तहान लागली तेव्हा प्याले.